नकाशात भेग नाही म्हणून मराठवाडा निर्धास्त?

तेरणाकाठ:
२१ मार्च २०२४ ला हिंगोलीत ४.५ चा धक्का बसला, १० जुलैला पुन्हा ४.५ चा. नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. पारावर मात्र तेच वाक्य: "आपल्या भागात मोठं काही होत नसतं." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३:५६ ला भूकंप झाला तेव्हा किल्लारी झोन १ मध्ये होती, म्हणजे देशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. ५२ गावं भुईसपाट झाली, जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि त्यानंतर कुठं लातूर-धाराशिव झोन ३ मध्ये गेले. छत्रपती संभाजीनगर २००२ च्या नकाशातही झोन २ मध्येच राहिलं.
आपल्याकडे भ्रंश, म्हणजे जिथं खडक सरकतात त्या जमिनीतल्या भेगा, दिसत नाहीत कारण वरून काळ्या कातळाचं झाकण आहे. किल्लारीला नंतर ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. ३३८ मीटर नुसता बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, मग ८ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली मूळ जुना खडक. इतक्या खालचं वरून कसं कळणार? म्हणून माझं मत: सहाच्या वरचा भूकंप मराठवाड्यात कुठंही होईल असं धरूनच बांधकाम व्हावं.

भूशास्त्राचा मास्तर:
असहमत. 'कुठंही' म्हटलं की कुठूनच सुरुवात होत नाही. दख्खनचा कातळ पाच लाख चौरस किलोमीटर पसरलाय आणि गेल्या शतकात सहाच्या वरचे धक्के मोजकेच, कोयना १९६७ आणि किल्लारी धरून. अशा जुन्या भूभागात एकाच भ्रंशावर पुन्हा मोठी हालचाल व्हायला हजारो वर्षं लागू शकतात. तेर गावी तेरणा नदीच्या दरडीत जुन्या भूकंपाच्या खुणा अभ्यासकांनी दाखवल्या, त्या साधारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या. पैसा आधी यंत्रांवर घाला. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीकर धक्के सोसतच होते. तेव्हा आसपास पुरेशी भूकंपमापकं असती तर ते बारके धक्के कोणत्या रेषेवर बसतात ते दिसलं असतं.

तेरणाकाठ:
सर, रेषा कळली असती, तारीख नाही. आणि भ्रंश ठाऊक नसला म्हणून हिशोब थांबत नाही. मोठा पट्टा एकच क्षेत्र धरतात, जगातल्या अशाच जुन्या, स्थिर भूभागांत झालेला मोठा धक्का घेतात आणि तो त्या पट्ट्यात कुठंही होईल असं मानून जमीन किती हलेल ते काढतात. ही रीतसर पद्धत आहे. मी घबराट पसरवत नाहीये.

घरकुलवाला:
मी गावोगाव घरकुलं बांधतो. अनुदान ठरलेलं. त्यात वाळू, सळई, मजुरी भागवताना लाभार्थी कर्ज काढतो. वरून कडक नियम आले तर तो पुन्हा दगडमातीची भिंत घालील. तेव्हा दोष कुणाचा?

सास्तूरची लेक:
त्र्याण्णवच्या भूकंपात मी नऊ वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती बोळवून आलो होतो. आमचं माळवद होतं, वर दर साली पांढऱ्या मातीचा थर चढायचा. भिंत दोन हात रुंद, दोन्ही अंगांना दगड आणि मधी मातीगोटे, आरपार जाणारा दगड एकही नाही. दोन्ही अंगं दोन बाजूंना फुटली आणि माती आमच्यावर आली. माझी आजी त्यात गेली.
घरकुलवाले दादा, खर्चाचं म्हणता, तर ऐका. मागच्या महिन्यात भावाच्या कॉलमची सळई बघितली. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं काटकोनात मोडून सोडलेली. हलल्यावर ती उघडतात, आत गाभ्यात वळवावी लागतात. मिस्त्रीला म्हटलं, त्यानं बसल्याजागी वळवली. रिंगेमागं चार बोटं लोखंड जास्त. दारा-खिडक्यांवरून घरभर फिरणारी पट्टी थोडी महाग पडते, पण ती घराला करकचून बांधते. यासाठी भ्रंश सापडायची वाट का बघायची?

घरकुलवाला:
ताई, रिंगांचं बरोबर आहे. माझ्या साईटवर उद्या बघतो. पट्टीचा खर्च अनुदानात धरा, ही मागणी तुम्हीही लावून धरा.

भूशास्त्राचा मास्तर:
ताई, तुमच्यापुढं आकडे मांडायला जीभ रेटत नाही. तरी माझं मत कायम आहे. हिंगोलीच्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदे गावाला वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, लोक रात्री अंगणात झोपतात. त्यांना रिंग वळवायला सांगून भागणार नाही. खाली काय चाललंय ते सांगावं लागेल, आणि ते यंत्रांशिवाय सांगता येत नाही.

तेरणाकाठ:
यंत्रं बसवा, सर, मीही सही करतो. पण पांगऱ्यात यंदा जो पाया खोदला जाईल, त्याच्या मालकाला आज काय सांगायचं?