मदत हवी आहे: ड्रुपल ७ वरची विज्ञानाची साइट हलवताना जुन्या फॉन्टमधल्या लेखांचं काय करू?

नमस्कार मंडळी,

दादरला रविवारी एका शाळेच्या वर्गात आमचा छोटा विज्ञानप्रसाराचा गट जमतो. त्याची साइट माझ्या गळ्यात आहे, कारण 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' असा सगळ्यांचा समज आहे. पोटापाण्याला मी बँकेत आहे.

साइट ड्रुपल ७ या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर. त्याचा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, तरी 'चालतंय ना, मग राहू दे' म्हणत आम्ही ढकलत होतो. आता होस्टिंगवाल्याने जुनं पीएचपी (ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय ती) बंद करायची नोटीस दिली आणि पळापळ सुरू झाली. ७ वरून पुढे थेट अपग्रेड नाहीच. ड्रुपल ११ ची कोरी साइट उभी करून मायग्रेट मॉड्यूलने मजकूर आत ओढायचा. ते लॅपटॉपवर जमलं. व्ह्यूज (लेखांच्या याद्या दाखवणारी पानं) तेवढे आले नाहीत, ते हाताने बनवले.

घोडं अडलंय २००३ ते २००९ मधल्या लेखांपाशी. गटातल्या एका काकांनी हे १४० लेख डीटीपीच्या फॉन्टात टाइप केलेत. म्हणजे डेटाबेसमध्ये नुसता रोमन अक्षरांचा काला आणि भोवती फॉन्ट टॅग. ज्याच्या मशीनवर तो फॉन्ट, त्यालाच मराठी दिसायचं. (मुखपृष्ठावर 'फॉन्ट इथून उतरवून घ्या' ही लिंक अजून आहे. हसू नका, तेव्हा सगळ्यांकडेच असायची.)

अख्खा लेख युनिकोड (आताची सगळीकडे दिसणारी पद्धत) करून देणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये टाकून पाहिला. त्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवतात. रफाराचं बरोबर उलट. त्यामुळे 'किरण'ची वेलांटी सुटून लोंबकळते आणि 'सूर्य'चा रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसतो. कार्बन डायऑक्साइडच्या सूत्रालाही त्याने मराठी समजून धुऊन काढलं.

घाई का, तर सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख शून्य सावलीचा आहे. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. जुलैतला ढगात जातो, म्हणून खरी मजा मेमध्येच. दुपारी १२:३५ च्या सुमारास मुलं गच्चीवर तांब्या उपडा ठेवून बसतात. शाळांत वाटायची पत्रकं छापून झालीत आणि त्यांवरच्या क्यूआर कोडमध्ये याच लेखाचा जुना पत्ता आहे.

तर रूपांतर मायग्रेशनच्या आधी करू की नंतर? आणि एवढा घाट घालण्यापेक्षा सरळ वर्डप्रेसवर जाऊ का?

जुनं खोड:
आधी! तो फॉन्ट टॅग हाच तुमचा एकमेव पुरावा आहे. नव्या ड्रुपलमधला सीकेएडिटर ५ (लेख लिहायची चौकट) परवानगी नसलेले टॅग सेव्ह करताना काढून टाकतो. एकदा कुणी लेख उघडून सेव्ह केला की कुठलं रोमन खरं आणि कुठलं मराठी, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ड्रुपल ७ च्या डेटाबेसची कॉपी घ्या आणि स्क्रिप्टने फक्त टॅगच्या आतला मजकूर बदला. बाहेरच्याला हात लावू नका. आणि कन्व्हर्टर नेमका त्याच फॉन्टचा आहे ना? नावं सारखी असली तरी मांडणी वेगळी असू शकते.

गच्चीवरून:
लेख आणि कार्यक्रमांची यादी एवढंच असेल तर वर्डप्रेस पुरेल. पण मे तोंडावर असताना दोन्ही उद्योग एकदम नकोत. क्यूआर आधी स्कॅन करून बघा. मायग्रेशनमध्ये नोडचे (म्हणजे लेखांचे) क्रमांक आणि यूआरएल अलियास (लेखांना दिलेले सुटसुटीत पत्ते) तेच राहतात, पण पत्ता प्रश्नचिन्ह-क्यू (?q=) असलेल्या जुन्या वळणाचा असेल तर ड्रुपल ८ पासून तो चालत नाही. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये ३०१ चा (जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवायचा) नियम घालावा लागेल.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. @जुनं खोड, घात आधीच झालाय. आमच्या एका ताईंनी उत्साहाने नव्या साइटवर नऊ लेखांची शुद्धलेखनं सुधारली. नऊच्या नऊ लेखांतले टॅग गायब! जुना डेटाबेस शाबूत आहे म्हणून वाचलो. कन्व्हर्टर खरंच दुसऱ्याच फॉन्टचा निघाला. आणि काकांनी सूत्रं टाइप करताना दर वेळी फॉन्ट बदलला होता, त्यामुळे ती टॅगच्या बाहेरच आहेत. धन्य तो माणूस.

@गच्चीवरून, क्यूआरमध्ये तेच प्रश्नचिन्ह होतं. लॅपटॉपवरच्या साइटवर तो पत्ता टाकला तर लेखाऐवजी मुखपृष्ठ उघडलं. नियम घातला, आता लेख येतो. वर्डप्रेसचं पावसाळ्यात बघू.

शून्य सावलीचा लेख पहिला बदलला आणि प्रूफ वाचायला काकांकडेच दिला. त्यांनी दोन चुका काढल्या. ताडून पाहिलं, तर दोन्ही त्यांच्याच, २००६ च्या.