मदत हवी आहे: क्षयरोगाची रजा, ई.एस.आय.चे दोन विमा क्रमांक

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतील कंत्राटी मोल्डरसाठी विचारतोय. पगार १७,४०० रुपये, म्हणजे ई.एस.आय.च्या (कामगारांची सरकारी विमा योजना) २१,००० च्या मर्यादेत. क्षयरोगाचे निदान झालेय, उपचार किमान सहा महिने. साध्या आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवस, सरासरी मजुरीच्या ७० टक्के; त्यासाठीची ७८ दिवसांच्या वर्गणीची अट पूर्ण आहे, डॉक्टरांचे दाखलेही वेळेवर दिलेत. अडचण ९१ दिवसांनंतरची.

त्यापुढे दीर्घ आजारासाठी मिळणाऱ्या वाढीव लाभाला (८० टक्के) दोन वर्षांची सलग विमित नोकरी आणि मागच्या चार वर्गणी कालावधींत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) १५६ दिवसांची वर्गणी लागते. काम एकाच फौंड्रीत, खंड नाही. पण १४ महिन्यांपूर्वी ठेकेदार बदलला आणि नव्या ठेकेदाराने जुना विमा क्रमांक न विचारता दुसराच काढला. त्यामुळे नोंदीत नोकरी १४ महिन्यांचीच दिसते. आधार नव्या क्रमांकाला जोडलेय. जुन्या ठेकेदाराने धंदा बंद केलाय, पण दोन्ही क्रमांक एकत्र करायला ई.एस.आय.चे शाखा कार्यालय त्याचेच पत्र मागते. जुन्या पगारपावत्या, हजेरीकार्ड आणि ई.एस.आय. कार्ड हातात आहे. फौंड्री मूळ मालक (ठेकेदारामार्फत काम करवून घेणारी कंपनी) म्हणून पत्र द्यायला तयार आहे.

रजा वाढवून मिळेल, प्रश्न पैशांचा आहे. घरात कमावते तेच एकटे.

ठेकेदाराच्या पत्राशिवाय, मूळ मालकाच्या पत्रावर दोन्ही क्रमांक कुणी एकत्र करून घेतलेत का? अर्ज शाखेतच करायचा की वरच्या कार्यालयात, आणि सोबत नेमकी कोणती कागदपत्रे जोडली?