खजुराच्या बुंध्यात कुरकुर ऐकू येतेय, झाड वाचेल का?

माळावरचा खजूर (पेठ वडगाव, कोल्हापूर):
नमस्कार मंडळी. माळावर माझी बारही जातीच्या खजुराची ४० झाडं आहेत, पाच वर्षांची. यंदा पहिल्यांदा चांगले घड धरले, पाऊस लागायच्या आत उतरवले. आता ओढ्याकडच्या ओळीतल्या एका झाडाच्या बुंध्यातून तांबूस चिकट पाणी झिरपतंय. बोट लावून वास घेतला, तर गुऱ्हाळात शिळ्या रसाला येतो तसा आंबूस. भोकातून भुशासारखा ओला चोथा पडलाय. काल मोटर बंद करून खोडाला कान लावला, तर आत कुरकुर, बैलानं कडबा चावावा तशी. वर झावळ्या मात्र हिरव्यागार. आसपास खजूर कुणाचाच नाही, विचारायचं कुणाला? बाकीच्या ३९ झाडांचा घोर लागलाय.

नारळवाला, आजरा:
दादा, हा सोंड्या भुंगा. आमच्या नारळातलाच. शेंडा कलला नाही तोवर आशा आहे. कुजका भाग खरवडा, भोकाच्या वर तिरपं छिद्र पाडून नरसाळ्यानं औषध सोडा आणि सगळी भोकं चिखलानं लिंपा. नारळाला आम्ही इमिडाक्लोप्रिड वापरतो, खजुराची मात्रा कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच घ्या. फळ उतरवलंय हे बरं झालं. आणि शेणखताचा ढीग बागेलगत असेल तर हलवा. गेंड्या भुंगा त्यात वाढतो, तो शेंडा पोखरतो आणि त्या जखमेवर सोंड्या येतो.

कागलकर:
मी सौदीत अल-अहसाच्या खजूरबागेत नऊ वर्षं काम केलंय. हा किडा मूळचा आपल्याच भागातला. १९८० च्या दशकात पोखरलेल्या झाडांबरोबर तो आखातात गेला आणि तिथल्या बागा खाल्ल्या. एक सांगा, पावसाळ्यात झावळ्या किंवा फुटवे कापलेत का? ताज्या जखमेच्या वासावर मादी येते आणि तिथंच अंडी घालते, एकेक मादी दोनशेच्या वर. आम्ही कापणी थंडीतच करायचो आणि त्याच दिवशी जखम लिंपायचो.

सापळा लावा. झाकणाच्या बादलीला वरच्या अंगाला चार भोकं पाडा, बाहेरून गोणपाट गुंडाळा म्हणजे भुंग्याला चढता येतं. झाकणाखाली कामगंधाची (भुंग्यांना ओढणाऱ्या वासाची) पुडी टांगा, तळाला उसाचे तुकडे, काकवी, पाणी आणि चिमूटभर कीटकनाशक. ऊस-काकवी आठ-दहा दिवसांनी बदला, त्यात कुचराई नको. सापळा बांधावर ठेवा, झाडाला टांगू नका, नाहीतर भुंगे तुम्हीच बागेत बोलावाल. ओढ्याकाठी शिंदी, म्हणजे रानटी खजूर, असेल तर तीही बघून घ्या.

माळावरचा खजूर:
कागलकर काका, जुलैत त्याच ओळीचे फुटवे काढले होते आणि जखमा तशाच सोडल्या होत्या. माझ्याच हातून झालं ते. ओढ्याला एक शिंदी शेंडा मोडून पडलेली होती. कुऱ्हाडीनं फोडली, तर आत काथ्याच्या दोऱ्या वळून केल्यासारखे कोष, बोटाएवढे, १७ निघाले. एक उकलला, आत तांबडा भुंगा पाय हलवत होता. लगेच चिरफळ्या करून शिंदी जाळली. कणेरीला जाऊन आलो, औषध सोडलं, बांधावर बादली ठेवली. पाच दिवसांत नऊ भुंगे पडलेत. पहिल्या झाडातली कुरकुर थांबलीय, पण शेजारच्यात बारीक आवाज येतोय. त्याला चोथा नाही, पाणी नाही, नुसता कान लावून कळलं. आज रात्री मोटर बंद ठेवून उरलेल्या ओळी ऐकतोय.