आईच्या वहीतील १९६२ च्या युद्धकाळातील गाणी कशी शोधावीत?

रंकाळाकाठ (प्रश्न)
नमस्कार. कोल्हापुरातील शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना आईची शाळेतील वही सापडली. वरती ‘इयत्ता सातवी, १९६२-६३’ असे लिहिले असून आत निळ्या शाईत नऊ देशभक्तिपर गाणी उतरवलेली आहेत. त्यांपैकी ‘जिंकू किंवा मरू’ तेवढे मला ओळखता आले. एक पोवाडा आहे. त्यात लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) यांचे उल्लेख आहेत आणि समासात आईनेच ‘इथे टाळी’, ‘जी जी दोनदा’ अशा सूचना लिहिल्या आहेत. तिला चाल अजून येते, परंतु रचनाकाराचे नाव आठवत नाही. पहिल्या ओळी इंटरनेटवर टाकून पाहिल्या, काहीही हाती लागले नाही. अशा गाण्यांच्या तबकड्या निघाल्या असतील का, आणि नसतील तर शोध कोठून सुरू करावा?

तबकडीवेडा
आपण ओळखलेले गाणे ‘छोटा जवान’ या १९६३ च्या चित्रपटातील आहे. गीत ग. दि. माडगूळकरांचे, संगीत वसंत देसाईंचे आणि आवाज महेंद्र कपूर यांचा. म्हणजे निदान ते पान तरी वहीत मागाहून भरले गेले असावे. चित्रपटगीतांचा माग काढणे त्या मानाने सोपे असते, कारण त्यांच्या तबकड्या निघत आणि चित्रपटगृहाबाहेर गाण्यांच्या पुस्तिकाही विकल्या जात. अशा पुस्तिका पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या आहेत. पोवाड्याची गोष्ट वेगळी आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावतात, त्यामुळे तबकडीवर आलेला पोवाडा बहुधा कापलेलाच असतो आणि बरेचसे पोवाडे तर तबकडीपर्यंत पोहोचलेच नाहीत. पोवाड्यासाठी जुन्या बाजारात तबकड्या उलथापालथ करत बसण्यापेक्षा छापील कागद शोधावा, असे मी तबकड्यांचा शौकीन असूनही सांगेन.

गंगावेशीचा वाचक
वरील मताशी मी सहमत आहे. त्या काळी शाहीर कार्यक्रमानंतर आपल्या पोवाड्यांच्या पातळ चोपड्या विकत असत, आणि शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या या गावात अशा चोपड्या आजही एखाद्या जुन्या शाहिरी घराण्यात किंवा तालमीच्या कपाटात निघू शकतात. वृत्तपत्रे चाळायची असल्यास करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करावी आणि सगळे वर्ष न मागता नेमका काळ मागावा. युद्ध २० ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झाले आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. युद्ध सुरू झाल्यापासून २६ जानेवारी १९६३ पर्यंतचे अंक आधी पाहावेत. दिवाळी अंकांच्या बाबतीत मात्र अनेकांची फसगत होते. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती, म्हणजे अंक छापून तयार असताना लढाईला तोंड फुटले. त्यामुळे युद्धावरील कविता १९६२ च्या नव्हे, तर १९६३ च्या दिवाळी अंकांत शोधाव्यात.

एक गोष्ट विचारतो: पोवाड्याचा शेवटचा चौक, म्हणजे शेवटचे कडवे, वहीत आहे का? शाहीर आपले नाव शेवटच्या चौकात गुंफतो. तेथे स्वतःचे नाव घालायला विसरणारा शाहीर निदान आमच्या कोल्हापुरात तरी जन्माला आलेला नाही.

सीमेवरून
हा पोवाडा १९६५ च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धाचाही असू शकेल. शाळकरी वह्या पुढे वर्षानुवर्षे भरल्या जातात.

गंगावेशीचा वाचक
वही पुढे भरली गेली असेल, हे मान्य. परंतु १९६५ च्या रचनेत कच्छ किंवा हाजीपीर यायला हवे होते. लढाईच्या वर्णनात नेफाचे नाव असेल, तर ते १९६२ च्याच युद्धाचे.

रंकाळाकाठ
आपणा सर्वांचे आभार. वहीत तीनच चौक होते, म्हणून आज आईला पुढचे म्हणायला सांगितले. तिने चष्मा काढून ठेवला, मांडीवर ठेका धरला आणि चौथा चौक सलग म्हटला. शाळेत गुरुजींनी तीनच चौक बसवले होते, चौथा तिने माझ्या आजोबांकडून ऐकला होता, असे ती म्हणते. त्यात रचनाकाराचे आडनाव नाही, मात्र ‘करवीरचा शाहीर’ असे शब्द आहेत आणि त्याच्या वस्तादांचे नाव आहे. चारही चौक मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले आहेत. उद्या ते वस्तादांचे नाव घेऊन पेठेतील जुन्या तालमीत जात आहे.