जुने घाव, आजचा ताण आणि आत्महत्येची जोखीम

शंकासुर: स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची टिपणं काढतोय. नोकरी दोघांची जाते. एक सावरतो, दुसऱ्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. लहानपणीची मारहाण, उपेक्षा याच्यामागे असते का? एसीई (लहानपणीचे प्रतिकूल अनुभव मोजणारी) प्रश्नावली भरून घेतली तर धोक्यातला माणूस ओळखता येईल?

तिसरा कोन: संबंध आहे, पण ओळखता येणार नाही. १९९८ च्या एसीई अभ्यासात चार किंवा अधिक प्रतिकूल अनुभव असलेल्यांमध्ये व्यसनं, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांची शक्यता ४ ते १२ पट आढळली. हे गटाचं गणित. स्कोअर, म्हणजे अशा अनुभवांच्या प्रकारांची संख्या, सहा असलेली बहुतेक माणसं जगतातच, आणि शून्यवालाही संकटात असू शकतो.

सतत भीतीत वाढलेल्या मुलाच्या शरीराची ताण हाताळायची घडीच बिघडू शकते: झोप उडते, छोट्या धक्क्यानेही जीव कासावीस होतो. शिवाय ‘मी ओझं आहे’ हे मनात पक्कं बसलेलं असू शकतं. एकाचा नुसता पगार थांबतो; दुसऱ्याला त्या ओझ्याचा पुरावाच मिळतो.

साधं बोला. पहिल्या भेटीत ‘गेल्या पंधरा दिवसांत काय बदललं?’ हे विचारा. आधी प्रयत्न झालाय का, तेही. सगळ्यांत जड खूण तीच. मनोरुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने, त्यातही पहिला आठवडा, फार नाजूक. ‘तसले विचार नाहीत ना?’ असं विचारलंत की उत्तर बहुधा ‘नाही’च येतं. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही.

आणि ‘असं करणार नाही’ हे वचन घेऊ नका, त्याने धोका टळत नाही. सेफ्टी प्लॅन लिहा: धोक्याच्या खुणा, स्वतःला सावरायचे उपाय, मन दुसरीकडे गुंतवणारी माणसं-ठिकाणं, मदत मागायची माणसं, डॉक्टर-हेल्पलाइन, घातक साधनं दूर ठेवणं. प्लॅन पहिल्याच ओळीत फसू शकतो. ‘उदास वाटतं’ लिहून भागत नाही. ‘रात्री दोनला जुने मेसेज वाचत बसतो’ असं त्याच्याच शब्दांत हवं. आत्ताच धोका दिसला तर एकटं सोडू नका, आपत्कालीन सेवा बोलवा.

शंकासुर: मग लहानपणाचे प्रश्न फॉर्मवरून काढू?

तिसरा कोन: पहिल्या भेटीतून काढा. माणूस स्थिरावल्यावर प्रशिक्षित थेरपिस्ट विचारील. स्वयंसेवकाने अर्ध्या तासात जुनी जखम उकरली, तर त्या रात्री ती बांधायला कुणी नसतं.