सिग्नल पाळतो नातू, मोडते आजी. चूक कोण?

मधुमालती_इंदूर:
आमच्या घरून शाळेच्या बसथांब्याला जायचं तर ए. बी. रोड ओलांडावा लागतो. सकाळी पोहे पोटात ढकलून चौघं एकदमच निघतो: सासूबाई (७६, देवदर्शनाला), मी, कॉलेजातली लेक आणि तिसरीतला मुलगा. सिग्नल एक, तऱ्हा चार.

मुलगा लाल माणूस असेपर्यंत झेब्रापट्टीच्या अलीकडे बुटांची टोकं जुळवून उभा, रस्ता रिकामा असला तरी. लेक कानात इअरबड्स घालून, पुढचा निघाला की त्याच्या पाठोपाठ. दिव्याकडे बघतच नाही. मी मुलगा सोबत असला की नियमाची, एकटी असले की गर्दीची.

आणि सासूबाई! या बाईंनी उभ्या आयुष्यात कुठली रांग मोडली नाही, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात कुल्फीलासुद्धा. पण इथं गाड्यांचा वेग उतरला की हिरव्याची वाट न बघता पिशवी छातीशी धरून, उजवा हात आडवा करून उतरतात. परवा मुलगा ओरडला, "आज्जी, लाल आहे!" मागे न बघता म्हणाल्या, "त्या हिरव्या माणसाला सांग, माझे गुडघे घेऊन चालून दाखव." घरी आल्यावर मुलगा विचारतो, मग आज्जी चूक का? मला काही सांगता आलं नाही.

निवृत्त_ओव्हरसियर:
ताई, आधी घड्याळ लावा. सिग्नलचा हिशेब सर्रास सेकंदाला १.२ मीटर चालीवर धरतात. रस्ता समजा २४ मीटर, म्हणजे २० सेकंद. इंग्लंडमधल्या २०१२ सालच्या एका पाहणीत पासष्टीपुढच्या पुरुषांची सरासरी चाल ०.९ आणि बायकांची ०.८ निघाली. त्या चालीनं तेवढ्याच रस्त्याला ३० सेकंद. आजी नियम मोडत नाहीत हो, कमी पडणारे १० सेकंद आधीच वसूल करतात. अर्थात धोका आहेच. अमेरिकेनं २००९ मध्ये हिशेबातली चाल ४ फुटांवरून साडेतीन फुटांवर आणली, ती उगाच नव्हे.

टिळकनगरचा_भिया:
मीपण तुमच्या लेकीसारखाच. चार जण निघाले की आपले पाय आपोआप निघतात. आणि हिरवा असून तरी काय? लेफ्ट फ्रीवाले आणि ई-रिक्षा त्यातूनच घुसतात.

शाळेतली_बाई:
मुलाला उभंच राहू द्या. नऊ-दहा वर्षांपर्यंत येणाऱ्या गाडीचा वेग नीट अजमावता येत नाही. शिवाय उंची कमी, उभ्या गाडीमागून तो कुणाला दिसतही नाही. आजीची नक्कल त्यानं अजिबात करायची नाही. आजी ड्रायव्हरचं तोंड बघून उतरते, तो आजीचा पदर बघून उतरेल.

समुद्रापलीकडून:
सिंगापूरला २००९ पासून काही चौकांत ज्येष्ठांनी आपलं सवलतीचं कार्ड खांबावर टेकवलं की हिरवा ३ ते १३ सेकंद वाढतो. आमच्या शेजारच्या आजी टेकवतात आणि मग मुद्दाम रमतगमत जातात, वसुली म्हणून!

मधुमालती_इंदूर:
ओव्हरसियरकाका, मोजलं. आमच्याकडे हिरवा २२ सेकंद. आज मुलानं आज्जीचा कोपर धरला आणि लाल संपेपर्यंत सोडलाच नाही. मग दोघं निघाले, हा पाटीवरचे उतरते आकडे मोठ्यानं म्हणतोय. दुभाजकाशी पोचले तेव्हा ७ उरले होते. "पुढं नाही जायचं आज्जी, पुढच्या हिरव्याला." एक मॅजिक (प्रवासी टेम्पो) अगदी साडीला वारा लावून गेली. सासूबाई दुभाजकाला टेकल्या आणि म्हणाल्या, "इथं एक बाक तरी टाकायला सांगा मग."