बॅन कमांड कारणाचा एकच शब्द नोंदवते, त्यात मॉडची काय चूक?

रात्रपाळी: काल इथे एकाने लिहिलं, "कमांड नीट टाइप करता येत नसेल तर मॉड होऊ नये." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आमचा सर्व्हर, म्हणजे ग्रुप आहे; मी तिथली मॉड, शिस्त सांभाळणारी. कमांड पाळणारा आमचा बॉट पायथन भाषेतला. एकाला बॅन करताना, म्हणजे बाहेर काढून परत यायला बंदी घालताना, मी कारण दिलं "सतत शिवीगाळ, दोनदा ताकीद दिली". ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे कारवायांच्या नोंदवहीत, उरलं फक्त "सतत". बॅनच्या फंक्शनमध्ये रीझनच्या, म्हणजे कारणाच्या आधी * नव्हता (तो असला की उरलेलं सगळं वाक्य कारण म्हणून जातं), म्हणून पहिलाच शब्द आत गेला. बाकीचे डिस्कॉर्ड.पायने, म्हणजे बॉट ज्यावर लिहिलाय त्या लायब्ररीने, मुकाट गिळले, कारण जादा शब्द सोडून देणारं इग्नोर_एक्स्ट्रा सेटिंग मुळातच ट्रू असतं. एरर नाही, काही नाही. त्या माणसाने दाद मागितली तेव्हा दाखवायला माझ्याकडे एक शब्द!

चौथी ओळ: ते वाक्य माझंच. कारण अवतरणचिन्हांत टाकलं असतं तर पूर्ण गेलं असतं.

रात्रपाळी: पहाटे दोनला रेड, म्हणजे टोळीने घुसून घातलेला गोंधळ, चालू असताना तुम्हाला अवतरणचिन्हं आठवतात का हो?

स्लॅशवाला: मुळात प्रीफिक्स कमांड, म्हणजे साध्या मेसेजात खूण लावून टाइप करायची, अजून का? स्लॅशमध्ये, म्हणजे / ने सुरू होणाऱ्या कमांडमध्ये, माणूस यादीतून निवडायचा, कारणाला वेगळा रकाना. 2022 पासून मोठ्या बॉटना मेसेजचा मजकूर वाचायलाही वेगळी परवानगी लागते. तेव्हाच सोडायला हवं होतं.

चौथी ओळ: आणि वीस जणांना एकदम काढायचं तर वीसदा रकाने भरू? एकाच कमांडमध्ये अनेक जणांची नावं घेणाऱ्या ग्रीडीसाठीच प्रीफिक्स ठेवलंय.

सर्व्हरताई: ग्रीडीचं कौतुक मला सांगू नका. आमच्या मॉडने दोघांना बॅन करताना कारण लिहिलं "दादागिरी करतात". एका मुलाचं टोपणनावच "दादागिरी" होतं. नाव जुळतंय तोवर ग्रीडी माणसं गोळा करत जातं, तोही बॅन झाला. माफी मागितली, पण पोरगं परत आलं नाही.

स्लॅशवाला: हेच तर सांगतोय!

चौथी ओळ: दर वेळी स्लॅश मध्ये आणू नका. कोडमध्ये मेंबर या प्रकाराऐवजी ऑब्जेक्ट लावा. मग आयडी क्रमांक नाहीतर मेन्शनच (@ लावून केलेला उल्लेख) चालतं, नाव जुळवायचा प्रश्न येत नाही. सर्व्हर सोडून पळालेलाही बॅन करता येतो.

सर्व्हरताई: हे त्या मुलाच्या आधी कुणी सांगितलं असतं तर.

रात्रपाळी: म्हणजे दुरुस्ती कोडमध्येच ना? मग मॉडला कशाला बोललात?

चौथी ओळ: बरं, * हवाच होता. इग्नोर_एक्स्ट्रा फॉल्स ठेवलं असतं तरी निदान एरर आली असती. तेवढं मान्य. पण न तपासता बॉट चालू कुणी केला, ते विचारा.

रात्रपाळी: ज्याने लिहिला तो वर्षभर गायब आहे. * मी आज टाकला. पण लॉगमधली जुनी कारणं एकेका शब्दाचीच आहेत. ती आता कुठून भरून काढू?